शीर सापडत नाही तेव्हा

गंभीर आजारी मुलाला घेऊन रुग्णालयात पोहोचलेल्या पालकांच्या कानावर कधीकधी असे शब्द पडतात, की सलाईन लावायला शीरच सापडत नाही. हाताला, पायाला, क्वचित डोक्यालाही सुया टोचून होतात आणि मूल मात्र हळूहळू निपचित पडत जाते. अशा वेळी साहजिकच प्रश्न पडतो, की शीर मिळालीच नाही तर औषध आणि पाणी शरीरात जाणार तरी कसे? त्याला वैद्यकाने दिलेले उत्तर ऐकणाऱ्याला प्रथम धक्कादायक वाटते. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडात एक मजबूत सुई घालायची आणि जे शिरेतून द्यायचे ते हाडाच्या आतल्या मगजातून, म्हणजे अस्थिमज्जेतून द्यायचे, असे ते उत्तर आहे. या पद्धतीला अस्थिमज्जामार्ग म्हणता येईल. हा मार्ग का चालतो, तो कधी निवडावा आणि त्याबद्दल वाटणाऱ्या भीतीत तथ्य किती, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. गरजेच्या वेळीच शिरा का हरवतात

बालकाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे १० किलो वजनाच्या, सुमारे एक वर्षाच्या मुलाच्या अंगात सारे मिळून ८०० मिलिलिटर, एक लिटरही नाही, इतकेच रक्त खेळत असते. एवढ्या लहान साठ्यातून जुलाब-उलट्यांमुळे पाणी निघून गेले, अपघातात रक्त वाहून गेले, किंवा डेंग्यूसारख्या आजारात रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपला, तर मेंदू, मूत्रपिंडे आणि इतर अवयव यांना पुरेसे रक्त मिळेनासे होते. या अवस्थेला वैद्यकात ‘शॉक’ म्हणतात. गंभीर जंतुसंसर्गात द्रव फारसा न गमावताही ही अवस्था येऊ शकते.

शॉकमध्ये शरीर आपल्या परीने बचाव करते. मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा टिकावा म्हणून त्वचेतील आणि हातापायांतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे मुलाचे तळहात-तळपाय गार पडतात आणि नखावर दाबून बोट काढले, की पांढरा पडलेला भाग पुन्हा गुलाबी व्हायला ३ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. वरवर साधी वाटणारी ही खूण फार मोलाची आहे, कारण मुलांमध्ये रक्तदाब अगदी शेवटपर्यंत टिकून राहतो आणि तो घसरला तोवर बराच उशीर झालेला असतो.

हातापायांच्या शिराही याच वेळी आवळतात आणि आत रक्त कमी असल्यामुळे चपट्या होतात. त्यात एक-दोन वर्षांच्या बाळसेदार मुलाच्या त्वचेखाली चरबीचा थर असतो, आणि निरोगी असतानाही त्याची शीर दिसण्याऐवजी केवळ बोटाला जाणवते. म्हणून ज्या मुलाला शिरेची सर्वाधिक गरज असते त्याचीच शीर सर्वांत अवघड होऊन बसते. हा दोष सुई टोचणाऱ्या परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या हाताचा असेलच असे नाही, आणि पालकांचा राग बहुधा त्यांच्यावरच निघतो म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

२. हाडाच्या आत काय असते

हाड म्हणजे आतबाहेर सारखेच घट्ट असलेले काहीतरी, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात नडगीसारख्या लांब हाडाचे बाहेरचे कवच तेवढे टणक असते, त्याच्या आत जाळीदार हाड आणि पोकळी असते आणि ही सारी जागा अस्थिमज्जेने भरलेली असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जवळजवळ सर्व हाडांतील मज्जा लाल, म्हणजे रक्तपेशी तयार करणारी असते आणि तिच्यात रक्ताच्या रुंद, पातळ भिंतीच्या पोकळ्यांचे दाट जाळे पसरलेले असते. पुढे वय वाढते तसे हातापायांच्या लांब हाडांत लाल मज्जेची जागा पिवळी, चरबीयुक्त मज्जा घेत जाते.

मज्जेतील या पोकळ्यांमधून रक्त हाडाच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या लहान शिरांत येते, तेथून गुडघ्यामागच्या आणि मांडीतल्या मोठ्या शिरेत आणि शेवटी शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या महाशिरेत पोहोचते. म्हणून नडगीच्या मज्जेत सोडलेले औषध मज्जेत साचून राहत नाही, ते थेट हृदयाच्या वाटेला लागते. रक्ताभिसरण चालू असेल, किंवा हृदय थांबलेले असताना छाती योग्य रीतीने दाबली जात असेल, तर शिरेतून दिलेल्या औषधाच्या तुलनेत पोहोचण्याच्या वेळेत व्यवहारात फारसा फरक पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. पाणी बंद झाले की बागेतली रबरी नळी चपटी होते, पण भिंतीतला लोखंडी नळ रिकामा झाला तरी आपला आकार सोडत नाही. शीर ही रबरी नळी आहे आणि मज्जेतील रक्तवाहिन्यांना भोवतालच्या हाडाने लोखंडी नळाचा आधार दिलेला आहे. शॉक कितीही खोल गेला, तरी हाडाचे कवच आत दबत नाही आणि आतली वाट उघडी राहते. अस्थिमज्जामार्गाचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

३. घड्याळाकडे पाहून घ्यायचा निर्णय

समजा, एका प्रयत्नाला दोन मिनिटे लागतात. हाताला पट्टा बांधणे, शीर चाचपणे, टोचणे, सुई आत-बाहेर करून पाहणे, अपयश आल्यावर कापूस दाबून दुसरी जागा शोधणे, हे सारे त्यात आले. अशा चार प्रयत्नांत आठ मिनिटे जातात. मग अधिक अनुभवी व्यक्तीला बोलावणे धाडले जाते, ती येऊन आणखी तीन जागा पाहते, आणि पंधरा मिनिटे कशी गेली हे कोणालाच कळत नाही. हृदय बंद पडलेल्या मुलाच्या मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात. याउलट सराव असलेल्या हातांनी नडगीत सुई बसवायला एक ते दोन मिनिटे लागतात.

पूर्वी शीर मिळाली नाही तर घोट्याजवळची त्वचा कापून आतली शीर उघडी केली जाई. ही छोटी शस्त्रक्रिया आहे, आणि मूल अत्यवस्थ असताना तिला लागणारी मिनिटे परवडणारी नसतात. श्वासनलिकेतील नळीवाटे काही औषधे देण्याचीही प्रथा होती, पण फुप्फुसांतून किती औषध रक्तात जाईल याचा भरवसा नसतो आणि पाणी किंवा रक्त तर त्या वाटेने देताच येत नाही. म्हणून अस्थिमज्जामार्ग उपलब्ध असताना या दोन्ही वाटांकडे आता सहसा वळत नाहीत.

एके काळी अमेरिकेतील बालपुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणात तीन प्रयत्न किंवा ९० सेकंद ही शिरेसाठीची मर्यादा शिकवली जात असे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यापुढचे पाऊल टाकले आणि मुलाचे हृदय बंद पडले असेल तर अस्थिमज्जामार्ग पहिलाच मार्ग म्हणूनही स्वीकारार्ह ठरवला. निरनिराळ्या देशांच्या सूचनांत सेकंद-मिनिटांचे आकडे थोडे वेगळे आहेत. पण किती प्रयत्नांनंतर थांबायचे हे मूल समोर येण्यापूर्वीच ठरलेले असावे, याबाबत त्यांच्यात मतभेद नाही.

हा नियम वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचे मोल फार आहे. शीर शोधणाऱ्याला पुढचा प्रयत्न यशस्वी होईल असे दर वेळी मनापासून वाटत असते, आणि हाडात सुई घालणे हा टोकाचा उपाय आहे ही भावना त्या आशेला खतपाणी घालते. परिणामी जो उपाय पाचव्या मिनिटाला मुलाला वाचवू शकला असता तो विसाव्या मिनिटाला केला जातो आणि मग उपयोग झाला नाही म्हणून बदनामही होतो. या पद्धतीच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा हा संकोच आहे. कसब त्यामानाने लवकर येते. प्रशिक्षणवर्गांत डॉक्टर आणि परिचारिका कोंबडीच्या तंगडीच्या हाडावर सराव करतात आणि कवच भेदले गेल्याची ती विशिष्ट जाणीव थोड्याच प्रयत्नांत हाताला कळू लागते.

४. नडगीच कशासाठी

सुई कोठे घालायची याचे उत्तर तीन गोष्टींवरून ठरते. हाड त्वचेच्या लगत असावे, त्याचा पृष्ठभाग सपाट असावा आणि वाटेत मोठी रक्तवाहिनी, मज्जातंतू किंवा सांधा येऊ नये. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक उंचवटा बोटाला लागतो. त्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली आणि किंचित आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, हाडाचा जो सपाट भाग आहे तो या तिन्ही अटी पूर्ण करतो. येथे त्वचेखाली स्नायू जवळजवळ नसतोच. शिवाय ही जागा छाती आणि चेहरा यांपासून दूर असल्यामुळे एक जण छाती दाबत असताना आणि दुसरा श्वास देत असताना तिसऱ्याला आपले काम विनाअडथळा करता येते.

उंचवट्याच्या खालीच का, तर लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते आणि मुलाची उंची वाढते ती याच वाढचकतीमुळे. तिला धक्का लागू नये म्हणून सुई तिच्यापासून अंतर राखून घालतात आणि हाताने घालताना टोक गुडघ्यापासून किंचित दूर वळवतात. नडगी मोडलेली असेल तर मांडीच्या हाडाचे गुडघ्याजवळचे टोक किंवा घोट्याच्या आतल्या बाजूच्या वरचा भाग निवडला जातो, मोठ्या मुलांत दंडाच्या हाडाचे खांद्याजवळचे टोकही चालते. छातीच्या मधल्या हाडाचा वापर लहान मुलांत करत नाहीत, कारण ते पातळ असते आणि त्याच्या मागेच हृदय असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाळेतील शीर आयती उपलब्ध असल्यामुळे तेथे पहिली पसंती तिलाच असते.

५. सुई आणि ती बसवण्याची रीत

साध्या इंजेक्शनच्या सुईने हाडात शिरायचा प्रयत्न केला, तर सुईच्या पोकळीत हाडाचा तुकडा अडकून ती बुजते. म्हणून या कामाच्या सुईत आत एक भरीव सळई बसवलेली असते. सुई मज्जेत पोहोचली की सळई काढून घेतात आणि वाट मोकळी होते. हाताने फिरवत घालायच्या सुया सर्वांत जुन्या आहेत. त्यानंतर स्प्रिंगच्या जोरावर सुई सोडणारी उपकरणे आली आणि या शतकाच्या सुरुवातीला बॅटरीवर चालणारे छोटे हातड्रिल आले, जे आज मोठ्या रुग्णालयांत अधिक दिसते. त्याच्या सुया वजनानुसार वेगवेगळ्या लांबीच्या असतात. ३ ते ३९ किलो वजनाच्या मुलांसाठीची सुई १५ मिलिमीटर लांब असते.

अशा उपकरणाची एकदाच वापरायची सुई हजारो रुपयांची असते आणि लहान गावातल्या रुग्णालयात ती नसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची लहान रुग्णालयांसाठीची बालरोग मार्गदर्शिका सांगते, की खास सुई नसेल तर अगदी लहान बाळात २१ क्रमांकाची साधी सुई किंवा फुलपाखरी सुईही चालते, कारण त्या वयात हाडाचे कवच मऊ असते. पाठीतले पाणी काढायची सळईयुक्त सुईही अनेक ठिकाणी या कामी आणली जाते. महाग यंत्र नाही म्हणून मार्गच नाही, असे मानण्याचे कारण नाही.

त्वचा जंतुनाशकाने पुसतात, पाय पक्का धरतात, पण धरणाऱ्याने आपला हात मुलाच्या पायाखाली, सुईच्या नेमक्या मागे कधीही ठेवू नये, कारण सुई हाड पार करून त्याच्या हातात घुसू शकते. सुई हाडाला टेकवून दाब देत फिरवली जाते आणि कवच भेदले गेले की विरोध एकदम नाहीसा होतो. येथेच थांबायचे असते. सुई योग्य जागी असल्याच्या खुणा अशा, की ती आधाराशिवाय ताठ उभी राहते, सिरिंजने ओढल्यावर रक्तमिश्रित मज्जा येते आणि पाणी सोडल्यावर पोटरी फुगत नाही. यांतली मज्जा दर वेळी येतेच असे नाही आणि ती न येण्यावरून सुई चुकली असे ठरवता येत नाही. पोटरी फुगणे मात्र गंभीरपणे घ्यावे लागते. सहा महिन्यांखालच्या बाळांचे हाड इतके बारीक असते, की सुई पलीकडच्या भिंतीतून बाहेर जाण्याचा धोका मोठ्या मुलांपेक्षा बराच जास्त असतो आणि या वयात पाय वारंवार तपासत राहावे लागते.

आलेल्या मज्जेतून रक्तातील साखर आणि रक्तगट तपासता येतो आणि जंतूंची तपासणीही करता येते. पोटॅशियम, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांचे आकडे मात्र विश्वासार्ह नसतात.

६. दहा किलोच्या मुलाचा हिशेब

वर उल्लेखलेल्या १० किलो वजनाच्या मुलाचे हृदय बंद पडले आहे, छाती दाबणे आणि श्वास देणे चालू आहे आणि नडगीत सुई बसली आहे असे समजू. अशा वेळी दिले जाणारे ॲड्रेनॅलिन दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम या मात्रेत देतात, म्हणजे या मुलाला ०.१ मिलिग्रॅम. १०,००० भागांत एक भाग या प्रमाणात पातळ केलेल्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये नेमके तेवढे औषध असते. ते दिल्यावर लगेच ५ मिलिलिटर सलाईन जोराने ढकलतात, नाहीतर औषधाचा काही भाग सुईत आणि मज्जेतच रेंगाळतो.

आता हृदय चालू आहे, पण मूल शॉकमध्ये आहे आणि डॉक्टरांनी दर किलोला १० मिलिलिटर सलाईन लवकर द्यायचे ठरवले आहे, असे धरू. हे १०० मिलिलिटर झाले. नेहमीप्रमाणे बाटली उंच टांगून ठेवली तर ते फार हळू उतरेल, कारण मज्जेतील दाब शिरेतील दाबापेक्षा जास्त असतो आणि मज्जेचे जाळे प्रवाहाला अडवते. म्हणून तीन तोंडांची चावी जोडून २० मिलिलिटरच्या सिरिंजने पाच वेळा सलाईन ओढायचे आणि ढकलायचे, किंवा बाटलीऐवजी पिशवी असेल तर तिच्याभोवती दाबपट्टा फुगवायचा. सुई बरोबर बसली आहे पण थेंब पडत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरवून काढून टाकली जाते, अशी चूक घडू शकते. दाब दिला असता तर तीच सुई कामी आली असती.

शिरेतून देता येणारी आपत्कालीन औषधे, ग्लुकोज, प्रतिजैविके आणि रक्त हे सारे या मार्गाने देता येते आणि मात्रा तीच राहते. त्यासाठी नवे कोष्टक पाठ करावे लागत नाही.

७. शंभर वर्षांची वाट आणि तिच्यावरचा भारत

ही पद्धत नवी नाही. १९२२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेसिल ड्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांच्या अस्थिमज्जेतील रक्ताभिसरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मज्जेतून द्रव देता येईल ही कल्पना पुढे आली. १९४० च्या सुमारास फिलाडेल्फियातील लिआंद्रो टोकँटिन्स आणि जे. एफ. ओनील यांनी मज्जेत सोडलेले पदार्थ अत्यंत वेगाने मुख्य रक्तप्रवाहात पोहोचतात हे प्रयोगांनी दाखवले आणि बालकांमध्येही ही पद्धत वापरली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला.

त्यानंतर मात्र तिला उतरती कळा लागली. १९५० नंतर शिरेत टिकून राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या आल्या, शिरेचा मार्ग सोपा झाला आणि हाडाचा मार्ग पाठ्यपुस्तकांतूनही जवळजवळ पुसला गेला. प्रौढांच्या दृष्टीने यात मोठे नुकसान नव्हते, पण मुलांच्या दृष्टीने होते, कारण प्लॅस्टिकची नळी कितीही चांगली असली तरी ती घालायला आधी शीर सापडावी लागते.

पद्धतीला पुन्हा जीवदान मिळाले त्याचा धागा भारताशी जुळतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जेम्स ऑर्लोव्स्की यांनी भारतात पटकीच्या साथीत, जुलाबांनी कोरड्या पडलेल्या रुग्णांना हाडातून द्रव दिला जात असलेला पाहिला आणि १९८४ मध्ये अमेरिकी बालरोगविषयक नियतकालिकात लेख लिहून तेथील डॉक्टरांना या विस्मृत मार्गाकडे परत वळण्याचे आवाहन केले. पुढच्या काही वर्षांतच तो तेथील बालपुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणाचा भाग झाला आणि त्या प्रशिक्षणाबरोबर जगभर पसरला. साधनांच्या टंचाईत टिकून राहिलेली रीत संपन्न रुग्णालयांनी उचलली. त्या साथीत हाडातून द्रव देणाऱ्या भारतीय डॉक्टरांची नावे या इतिहासात ठळकपणे यायला हवी होती.

८. पालकांना वाटणाऱ्या भीती

हाडाला भोक पाडल्यावर ते मोडेल का, पाय आखूड राहील का, हाडात पू होईल का आणि मुलाला किती दुखेल, हे प्रश्न पालक विचारतात आणि ते विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

पू होण्याचा, म्हणजे हाडात जंतुसंसर्ग होण्याचा धोका खरा आहे, पण कमी आहे. ४,००० हून अधिक रुग्णांच्या जुन्या नोंदी एकत्र करून १९८५ मध्ये केलेल्या आढाव्यात हे प्रमाण ०.६ टक्के, म्हणजे साधारण पावणेदोनशे रुग्णांत एक, इतके आढळले आणि सुई दीर्घकाळ ठेवलेल्या रुग्णांत धोका अधिक दिसला. वाढीबाबत, सुई घातलेल्या मुलांची काही काळानंतर क्ष-किरण चित्रे काढून दोन्ही नडग्यांची लांबी मोजण्यात आली, तेव्हा दखल घ्यावी असा फरक मिळाला नाही. हाड मोडण्याच्या घटना घडल्या आहेत, पण त्या दुर्मीळ आहेत. सुईचे बारीक छिद्र काही आठवड्यांत भरून येते.

या साऱ्यांहून अधिक लक्ष द्यावे असा धोका पालकांच्या यादीत सहसा नसतो. सुई सरकून द्रव पोटरीच्या स्नायूंत साचत राहिला, तर आतला दाब वाढून तेथील रक्तपुरवठा तुटू शकतो आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून सुई असेपर्यंत पोटरी पुनःपुन्हा चाचपणे, दोन्ही पायांचा घेर ताडून पाहणे आणि शंका आली की त्या सुईतून देणे ताबडतोब थांबवणे हे सुई घालण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

दुखण्याविषयी लपवाछपवी करू नये. बेशुद्ध मुलाला वेदना जाणवत नाही, पण शुद्धीवरच्या मुलाला सुई आत जाताना दुखते आणि मज्जेत दाबाने द्रव सोडताना बहुधा त्याहून अधिक दुखते, कारण मज्जेच्या आत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. अशा मुलाला द्रव सुरू करण्यापूर्वी त्याच सुईतून लिडोकेन हे बधिर करणारे औषध वजनानुसार, सावकाश दिले जाते. घाईत ही पायरी गाळली जाऊ नये.

काही हाडांत सुई घालूच नये. मोडलेले हाड, मागच्या ४८ तासांत एकदा सुई घातलेले हाड, वरची त्वचा पिकलेली असेल अशी जागा आणि हाडे जन्मतः ठिसूळ असण्याचा आजार असलेले मूल यांत दुसरी वाट शोधावी लागते. पहिला प्रयत्न फसला तर त्याच हाडात शेजारी दुसरे छिद्र पाडायचे नसते, कारण द्रव पहिल्या छिद्रातून बाहेर येतो. दुसरा पाय निवडतात.

९. मार्ग सापडला, पण त्यातून काय द्यायचे?

अस्थिमज्जामार्गाने डॉक्टरांच्या हाती एक भरवशाची वाट दिली, पण त्या वाटेने किती द्रव किती वेगाने सोडायचा हा निर्णय वेगळा आहे आणि तो चुकला तर चांगला मार्गही घातक ठरतो. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथे तीव्र ताप आणि रक्तपुरवठा मंदावल्याच्या खुणा असलेल्या ३,१४१ मुलांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरभर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलेल्या मुलांपैकी ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास दगावली, तर तसे न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. या निकालाने बालरोगशास्त्राला हादरा बसला आणि ‘शॉक दिसला की भरपूर सलाईन’ ही सवय पुन्हा तपासावी लागली. जुलाबांनी कोरडी पडलेली मुले त्या चाचणीत नव्हती. त्यांचा द्रवच गेलेला असतो आणि तो लवकर भरून काढणे हाच त्यांचा उपचार असतो. मुलाला नेमके काय झाले आहे हे ओळखल्याशिवाय मोकळ्या वाटेचा उपयोग करता येत नाही.

आणि जुलाब झालेल्या बहुतेक मुलांना हाडाची काय, शिरेचीही गरज नसते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांचे मोजके मिश्रण तोंडाने पाजून मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आणले. जोवर मूल शुद्धीवर आहे आणि पिऊ शकते तोवर जलसंजीवनीच द्यायची. मूल पिऊ शकत नसेल, शॉकमध्ये असेल आणि शीर मिळत नसेल, तेव्हाच हाडाचा प्रश्न येतो.

प्रौढांबाबत चित्र वेगळे आहे हेही नमूद करायला हवे. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या प्रौढांवर ब्रिटन, डेन्मार्क आणि तैवान येथे झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि हाडाचा मार्ग आधी निवडल्याने जगण्याचे प्रमाण वाढल्याचे त्यांत दिसले नाही. प्रौढाच्या कोपराच्या खळग्यात ठसठशीत शीर बहुधा मिळते, त्यामुळे तेथे वाचणारा वेळ थोडाच असतो. मुलाच्या बाबतीत हाच वेळ मोठा असतो आणि तो वाचतो म्हणूनच या मार्गाचा आग्रह धरायचा. शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली तर हाडाकडे जाण्याचे काही कारण नाही.

१०. सुई काढल्यावर

ही सुई राहण्यासाठी घातलेली नसते. द्रव मिळू लागला, रक्तवाहिन्या पुन्हा भरल्या, की मघाशी न सापडलेली शीर बहुतेक वेळा सहज सापडते आणि मग हाडातील सुई काढून घेतात. कोणत्याही परिस्थितीत ती २४ तासांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. सिरिंज जोडून, हलकेच फिरवत, सरळ रेषेत ओढून ती काढली जाते, जागेवर काही मिनिटे दाब देतात आणि निर्जंतुक पट्टी लावतात.

मुलाला तालुक्याच्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयात हलवायचे असेल, तर सुई कोणत्या पायात, किती वाजता घातली आणि कोणत्या हाडात प्रयत्न फसला हे सोबतच्या कागदावर ठळक लिहिलेले असावे, कारण पुढच्या डॉक्टरांना तेच हाड पुन्हा वापरायचे टाळता येते. घरी गेल्यावर त्या जागी बारीक खपली किंवा निळसर डाग काही दिवस दिसतो. पुढच्या काही आठवड्यांत मुलाला ताप आला, ती जागा लाल झाली किंवा सुजली, अथवा मूल त्या पायावर भार द्यायला टाळू लागले, तर पालकांनी ते डॉक्टरांना दाखवावे आणि त्या पायाच्या हाडात सुई घातलेली होती हे आवर्जून सांगावे.